कानाने वाचणारीचा कामाचा दिवस

सकाळी ९.४५

बँकेच्या विभागीय कार्यालयात, ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या कक्षात माझं टेबल आहे. मला दिसत नाही. पडद्यावरची प्रत्येक अक्षरओळ स्क्रीन रीडर बोलून दाखवतो आणि मी ती कानाने वाचते. माझ्याकडे एनव्हीडीए आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यात सामील झाला आणि आजही तो कुणालाही फुकट मिळतो.

संगणक सुरू झाला की आधी मी आवाजांची व्यवस्था लावते. शेजारच्यांच्या संगणकात ‘टिंग’ वाजलं तर त्यांचं लक्ष क्षणभर ढळतं, पण वाचत असलेली ओळ पडद्यावर तशीच राहते. माझी ओळ त्या ‘टिंग’खाली बुडते. खात्यातली रक्कम ऐकत असताना मधला एक आकडा गेला, तर सगळी रक्कम पुन्हा ऐकावी लागते. कीबोर्डवरचं म्यूटचं बटण मला उपयोगाचं नाही, कारण त्याने स्क्रीन रीडरही गप्प होतो आणि माझ्यापुरता पडदाच बंद पडतो. मला हवा असतो तो प्रत्येक प्रोग्रॅमच्या आवाजावर वेगळा ताबा.

विंडोजमध्ये ही सोय व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून घरोघरी आली. त्याआधी एक्सपीच्या मिक्सरमध्ये वेव्ह, सीडी, माइक अशा पट्ट्या असत आणि सगळे प्रोग्रॅम एकाच वेव्हमध्ये मिसळून येत. आता विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबलं की व्हॉल्यूम मिक्सर समोर येतो. टॅबने पट्टीवर जायचं, बाणाच्या कळांनी आवाज कमी-जास्त करायचा. एनव्हीडीए १००, ब्राउझर ४०, सिस्टीम साउंड्स २० ही माझी नेहमीची मांडणी. चालू असलेल्या प्रोग्रॅमने आवाजाचा मार्ग उघडला की मगच त्याचं नाव यादीत येतं. म्हणून नाव दिसलं नाही, तर त्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी वाजवून पाहायचं.

सकाळी १०.३०

मेल येऊ लागतात, ऑफिसच्या चॅटवर निरोप पडू लागतात. इथे नुसत्या मिक्सरने भागत नाही, कारण सूचनेचा आवाज वेगवेगळ्या वाटांनी येतो. काही प्रोग्रॅम स्वतःच टोन वाजवतात. तो त्यांची पट्टी खाली केली की कमी होतो. काहींची सूचना विंडोज दाखवतं आणि तिचा आवाजही विंडोजच वाजवतं. तो सिस्टीम साउंड्सच्या पट्टीतून येतो. चॅटची पट्टी शून्यावर नेऊनही ‘टिंग’ थांबत नसेल, तर बहुधा कारण हेच.

त्यावरचा उपाय सेटिंग्जमध्ये, सिस्टीमखालच्या नोटिफिकेशन्समध्ये आहे. तिथे प्रत्येक ॲपच्या नावावर गेलं की सूचना आल्यावर आवाज करायचा की नाही, हे त्या ॲपपुरतं ठरवता येतं. डोळस माणसाचं काम इथे संपतं. माझ्यासाठी तिसरी वाट उरते. आवाज बंद केला तरी पडद्यावर सूचनेची पट्टी आली, की एनव्हीडीए तिचा मजकूर वाचायला लागतो. तेही थांबवायचं, तर एनव्हीडीएच्याच सेटिंग्जमध्ये सूचना वाचण्याचा पर्याय बंद करावा लागतो. मी तो सरसकट बंद करत नाही. मेलचा आवाजही बंद ठेवते आणि सूचनापट्टीही. साहेबांचा फोन आणि बैठकीची आठवण मात्र ऐकू येऊ देते. हातातलं काम टाकून लगेच काही करायला लावते, त्याच बातमीला आवाज करायचा हक्क, असं मी ठरवून टाकलं आहे. बाकीचं मी सवडीने विंडोज आणि एन दाबून एकदम वाचते.

दुपारी १२.००

व्हिडिओ बैठक. बोलणं सुरू झालं असं विंडोजला वाटलं, की ते इतर आवाज आपणहून ८० टक्के कमी करतं. मूळची व्यवस्था तशीच आहे. बोलणारा नीट ऐकू यावा, हा त्यामागचा हेतू. पण त्या ‘इतरां’त स्क्रीन रीडरही येतो आणि अहवाल वाचायची वेळ येते तेव्हा नेमका तोच कुजबुजू लागतो. साउंडच्या जुन्या चौकटीत कम्युनिकेशन्स नावाचा भाग आहे. तिथे ‘काहीही करू नका’ हा पर्याय निवडला की आवाज जागेवर राहतो. कानाने वाचणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर हे पहिल्याच दिवशी करून द्यावं.

एनव्हीडीएच्या २०२४.२ या आवृत्तीत आलेली सोय बैठकीत मला फार मोलाची वाटते. इन्सर्ट, ऑल्ट आणि एस दाबलं की स्क्रीन रीडर डाव्या कानात आणि बाकी सगळं उजव्या कानात. उजवीकडे साहेब आकडे विचारतात, डावीकडे तक्ता मला आकडे सांगतो. त्यासाठी हेडफोन वायरचाच लागतो. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला, की साधारणपणे दोन्ही कानांत एकच आवाज येतो आणि वाटणीला अर्थ राहत नाही.

दुपारी १.३०

डबा खाताना शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणतो, “मॅडम, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडेत. कुठला मध्येच बोलतोय, तेच कळत नाही.”

“मिक्सरमध्ये बघू नकोस रे, तिथे अख्ख्या ब्राउझरला एकच पट्टी असते. क्रोममध्ये टॅबवर राइट क्लिक कर आणि ती साइट म्यूट कर. फायरफॉक्स असेल तर कंट्रोल आणि एम.”

दुपारी ३.००

दिवसाचं सर्वांत नाजूक काम आता. तक्रारदारांच्या फोनचं ध्वनिमुद्रण ऐकून टिपण करायचं असतं. पेन्शन अडकलेल्या आजी बोलताना थांबतात, खाते क्रमांक चुकतात, पुन्हा सांगतात. एनव्हीडीए बोलू लागला की इतर आवाज खाली नेण्याची सोयही त्यात आहे. इन्सर्ट, शिफ्ट आणि डी या कळांनी ती बदलते. गाणं ऐकत पत्र लिहायचं तर ती छान. इथे मी ती बंद ठेवते. मी टंकलेलं अक्षर वाचलं जात असताना आजींचा आवाज दबला, तर कदाचित नेमका कामाचाच शब्द निसटेल. मुद्रण उजव्या कानात पूर्ण, टंकलेली अक्षरं डाव्या कानात हलकी, अशी विभागणी करून घेते.

साहेबांनाही तो फोन ऐकायचा असेल, तर मुद्रण वाजवणाऱ्या प्रोग्रॅमपुरतं उपकरण बदलून टेबलावरचा स्पीकर निवडते. एकेका ॲपचा आवाज वेगळ्या उपकरणावर पाठवणं विंडोज १० मध्ये २०१८ पासून जमू लागलं. साहेब आजींचं म्हणणं स्पीकरवर ऐकतात आणि मी त्याच वेळी हेडफोनमध्ये त्यांच्या खात्याच्या नोंदी वाचते. दोघांचं काम एकाच बैठकीत होतं.

संध्याकाळी ५.१५

नवा प्रोग्रॅम बसवायला संगणक विभागाचे लोक येतात. बसवण्याआधी मी त्यांना तीन गोष्टी तपासायला सांगते. त्याचा आवाज त्याच्याच सेटिंगमधून बंद होतो का? मिक्सरमध्ये तो स्वतःच्या नावाने दिसतो का? आणि आवाजातून कळणारी प्रत्येक गोष्ट मजकुरातही मिळते का? तिसरा प्रश्न माझ्या नव्हे, ऐकू न येणाऱ्या सहकाऱ्यांच्या सोयीचा. पण तो आम्ही दोघांनीही विचारायला हवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. सरकारी आस्थापनांत ४ टक्के राखीव जागा त्याने दिल्या, त्यातली १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. खुर्ची मिळाल्यावर तिच्यावर बसून पुरतं काम करता यावं, यासाठी वाजवी सोयी पुरवण्याचं बंधनही त्यात आहे. त्या सोयींत रॅम्प आणि लिफ्टबरोबर आवाजाची ही मांडणीही मोजली जावी. तिला वेगळं यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. संगणक हाती देतानाच ती करून दिली, तर नव्याने रुजू होणारी माझ्यासारखी मुलगी पहिल्या दिवसापासून फाइल वाचायला लागेल.