देव नोटेवर, देव कचेरीवर

अमेरिकेच्या डॉलरवर देवाचे नाव छापलेले आहे. बंगळुरूच्या विधानसौधाच्या दारावरही देवाचे नाव कोरलेले आहे. मात्र या दोन्ही देशांच्या राज्यघटना लिहिणाऱ्यांनी देवाला सरकारी खुर्चीत बसवले नाही. ही सारी माणसे नास्तिक होती का? मुळीच नाही!

सुटीच्या दिवशी संध्याकाळी बंगळुरूच्या विधानसौधासमोर जत्राच भरलेली असते. भेळवाले, फुगेवाले, मोबाइलवर फोटो काढणारी कुटुंबे आणि समोर दिव्यांनी उजळलेला तो ग्रॅनाइटचा भव्य वाडा. अशाच एका संध्याकाळी गर्दीतून मराठी बोलणे कानावर आले. बेळगावहून चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आलेले एक आजोबा न्यू जर्सीहून आलेल्या आपल्या नातीला इमारत दाखवत होते.

‘‘आजोबा, वर काय लिहिलंय?’’

‘‘सरकारद केलस, देवर केलस. म्हणजे सरकारचं काम हे देवाचं काम.’’

बारा-तेरा वर्षांच्या त्या मुलीने खांद्यावरच्या पिशवीतून डॉलरची नोट काढली. त्यावर छापले होते, ‘इन गॉड वुई ट्रस्ट’. देवावर आमचा भरवसा आहे!

‘‘म्हणजे आमच्याकडे देव नोटेवर आणि तुमच्याकडे ऑफिसवर! पण आजोबा, कुठला देव?’’

आजोबा हसले. ‘‘तेवढं मात्र लिहिलेलं नाही बघ.’’

प्रश्न लहान मुलीचा असला, तरी उत्तर सोपे नाही. या प्रश्नापायी कित्येक देशांत रक्त सांडले आहे. ‘अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जन्माला आले’ असे सांगणारे तिथे आजही पुष्कळ आहेत आणि ते खोडून काढणारेही तितकेच आहेत. आपल्याकडेही धर्म आणि राज्य यांचा वाद काही संपलेला नाही. म्हणूनच नातीच्या त्या प्रश्नाचा माग काढावासा वाटला.

जेव्हा राजाचा देव तोच राज्याचा देव

जुन्या काळी असा प्रश्न कोणी विचारतच नसे. बंगळुरूपुरतेच बोलायचे, तर मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वर देऊळ पाहावे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी या देवस्थानाला एक गाव दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख तिथे आहे. राजाने देवाला गाव द्यावे आणि देवाने राजाला आशीर्वाद द्यावा, अशी सगळीकडचीच रीत होती. युरोपात तर राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ. दुसऱ्या पंथाच्या माणसाने एक तर मुकाट राहावे, नाही तर देश सोडावा.

असा देश सोडून निघालेल्यांपैकीच काही जण १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. आपल्या मनाप्रमाणे ख्रिस्ताची उपासना करता यावी, ही त्यांची आस होती. मागून आलेल्या प्युरिटन मंडळींनी मॅसॅच्युसेट्समध्ये देवभीरू माणसांचे राज्य उभारायला घेतले. अमेरिकेची पायाभरणी ख्रिस्ती श्रद्धेवर झाली असे म्हणणारे इथे बोट ठेवतात आणि तेवढ्यापुरते त्यांचे खरेच आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. छळाला कंटाळून आलेल्या या मंडळींनी सत्ता हाती येताच दुसऱ्यांचा छळ मांडला! क्वेकर पंथाच्या मेरी डायर या बाईला १६६० मध्ये बोस्टनमध्ये फाशी देण्यात आले. त्या ख्रिस्तीच होत्या आणि त्यांना फासावर चढवणारेही ख्रिस्तीच होते. फरक होता तो फक्त पंथाचा.

भिंत कोणी मागितली?

पुढे शंभर वर्षांनीही व्हर्जिनियात इंग्लंडच्या चर्चचीच सद्दी होती. त्या चर्चला न मानणाऱ्यांनाही त्याच्यासाठी कर भरावा लागे. परवान्याशिवाय प्रवचन केले म्हणून बाप्टिस्ट पंथाच्या उपदेशकांना तुरुंगात टाकले जाई. जेम्स मॅडिसन हा तरुण हे जवळून पाहत होता. सर्वच ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी सरकारी कर बसवण्याची टूम निघाली, तेव्हा १७८५ मध्ये त्याने तिच्याविरुद्ध सडेतोड निवेदन लिहिले. धर्म ही माणसाची आणि त्याच्या देवाची आपापसातली गोष्ट आहे, सरकारने मध्ये पडू नये, हा त्याचा मथितार्थ. १७८६ मध्ये थॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियाने मंजूर केला. त्यासाठी बाप्टिस्टांनी गावोगाव सह्या गोळा केल्या होत्या.

आपल्याला हे मुद्दाम समजून घ्यायला हवे. धर्म आणि सरकार यांच्यात भिंत हवी, ही मागणी देव न मानणाऱ्यांनीच केली, अशी आपली समजूत असते. अमेरिकेत ती मागणी करण्यात सर्वांत पुढे होते ते बायबल उशाशी घेऊन झोपणारे लोक! ‘भिंत’ हा शब्दही जेफरसनने १८०२ मध्ये वापरला तो बाप्टिस्टांनाच लिहिलेल्या पत्रात. सरकारी आश्रय मिळाला की आपली श्रद्धा बाटते आणि दुसऱ्याला मिळाला की आपला छळ होतो, हे त्या लोकांनी अनुभवले होते.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला प्रतिनिधी बसले. चर्चा अडली, तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन उठले आणि रोज सकाळी प्रार्थनेने सुरुवात करू या, असे त्यांनी सुचवले. ती सूचना मंजूर न होताच त्या दिवशीची बैठक संपली. घटनेच्या मजकुरात देवाकडे काही मागणे नाही. शेवटी तारीख घालताना ‘आपल्या प्रभूचे वर्ष’ असा त्या काळचा रूढ शब्दप्रयोग आला आहे, एवढेच. उलट, कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही, असे सहाव्या कलमात बजावले आहे. सरकारने कोणताही धर्म अधिकृत करू नये आणि कोणाच्या धर्माचरणाला आडकाठीही करू नये, ही पहिली दुरुस्ती १७९१ मध्ये आली.

मग नोटेवर देव आला कुठून? तो आला संकटकाळात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले असताना, १८६४ मध्ये, दोन सेंटच्या नाण्यावर ही ओळ पहिल्यांदा उमटली. रशियाशी शीतयुद्ध सुरू असताना, ‘ते देव न मानणारे, आपण मानणारे’ हे दाखवण्यासाठी १९५६ मध्ये तिला राष्ट्रीय ब्रीदवाक्य ठरवण्यात आले आणि पुढच्या वर्षीपासून ती नोटांवर छापली जाऊ लागली. म्हणजे नातीच्या हातातल्या नोटेवरचा देव घटनेपेक्षा जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी धाकटा!

पंडिता रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

हा देश एका मराठी बाईने फार पूर्वी बारकाईने पाहिला होता. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पोचल्या त्या आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला. जवळजवळ तीन वर्षे त्या देशभर हिंडल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाई तेव्हा स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. तरीही त्यांनी राज्यव्यवस्थेसाठी वेगळे प्रकरण लिहिले आणि धर्मपंथ व त्यांची परोपकाराची कामे यांसाठी वेगळे. एवढ्या मांडणीतही त्या देशाची घडण दिसते. सरकार आपल्या जागी आणि श्रद्धा आपल्या जागी. श्रद्धेचे बळ दिसायचे ते लोकांनी स्वखुशीने चालवलेल्या शाळांतून, अनाथालयांतून. पुण्याजवळ केडगावला रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले, तेही अशाच देणग्यांच्या आधारावर.

दिल्लीतली ती दुपार

आपली राज्यघटना तयार होत असताना हाच पेच आपल्याही दारात आला. तारीख होती १७ ऑक्टोबर १९४९. घटनेच्या प्रास्ताविकेवर चर्चा चालली होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली, की प्रास्ताविकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. कामत मूळचे मंगळूरचे. आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत पडलेले, मनाने श्रद्धाळू.

सभागृह बुचकळ्यात पडले. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आमच्याकडे कामाख्या देवीची पूजा होते, तेव्हा ‘ईश्वर’ कशाला, ‘देवी’ का नको? त्रावणकोरचे पट्टम थाणू पिळ्ळै स्वतः आस्तिक. पण यामुळे श्रद्धेची सक्ती होईल, असे त्यांनी बजावले. जी गोष्ट माणसाच्या अगदी अंतःकरणातली, ती सगळ्यांवर एकत्र लादू नये, असे पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी कळकळीने सांगितले. देवाचे नाव मतांना टाकण्याची पाळी आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. पण कामत मागे हटले नाहीत. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. अध्यक्षस्थानी होते राजेंद्रप्रसाद, नित्यनेमाने पूजाअर्चा करणारे गृहस्थ.

विरुद्ध मत देणाऱ्या ६८ जणांत पूजापाठ करणारे किती तरी असतील. त्यांनी घरच्या देव्हाऱ्यातला देव नाकारला नव्हता. प्रास्ताविका ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनीच सुरू झाली. शपथेच्या बाबतीतही घटनेने दोन्ही दारे उघडी ठेवली. ज्याला हवे त्याने ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी, ज्याला नको त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. अमेरिकेच्या घटनेतही शपथ की प्रतिज्ञा हा पर्याय आहेच. १८५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन पिअर्स यांनी प्रतिज्ञेचा मार्ग पत्करला होता.

मग विधानसौधावर ही ओळ का?

विधानसौधाची कोनशिला पंडित नेहरूंनी १३ जुलै १९५१ रोजी बसवली. मूळ आराखडा साधा होता. १९५२ मध्ये केंगल हनुमंतय्या मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी तो पार बदलून टाकला. रशियाहून आलेल्या पाहुण्यांनी ‘तुमच्याकडे तुमची स्वतःची वास्तुकला नाही का?’ असे विचारले आणि ते त्यांच्या मनाला लागले, असे सांगतात. मुख्य अभियंता बी. आर. माणिकम यांनी द्रविड शैलीची ही दगडी वास्तू उभी केली. दगड घडवायला कारागीर होते, तसे तुरुंगातले कैदीही होते. समोरच इंग्रजी अमदानीतली १८६८ ची लाल अठरा कचेरी, आजचे उच्च न्यायालय. तिच्याकडे बघत हा नवा वाडा उभा राहिला.

खर्चावरून हनुमंतय्यांवर टीकेची झोड उठली. इमारत पुरी होत आलेली असतानाच, ऑगस्ट १९५६ मध्ये, त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. अमेरिकेत ‘देवावर भरवसा’ हे राष्ट्रीय ब्रीद ठरले तेही १९५६ सालीच!

पण दोन ओळींत फरक आहे. अमेरिकेची ओळ श्रद्धा सांगते, बंगळुरूची ओळ काम सांगते. कर्नाटकात बसवण्णांच्या शरण परंपरेने कष्टालाच पूजा मानले. आपल्या सावता माळ्यानेही मळ्यातच विठ्ठल पाहिला, तो पंढरीला गेला नाही. विधानसौधाच्या दारावर कुठल्या देवाचे नाव नाही, मूर्ती नाही. आत बसणाऱ्यासाठी ती ताकीद आहे. दारात आलेल्या माणसाचे काम पूजेइतक्या निष्ठेने कर.

ती ताकीद पाळली जाते का, हे आजोबांनाच विचारले. ते मिश्कीलपणे म्हणाले, ‘‘अहो, देवाचं काम म्हणून सरकार ते देवावरच सोडून देतं!’’

मग गंभीर झाले. पत्नी गेल्यावर एका कागदासाठी त्यांनी एका कार्यालयात नऊ खेपा घातल्या होत्या. बरोबर त्यांचे कारखान्यातले जुने सहकारी होते, ख्रिस्ती. त्यांचाही कागद तिथेच अडला होता. ‘‘छळायचं तर दोघांनाही सारखंच, एवढी समता मात्र होती,’’ आजोबा म्हणाले. ‘‘दहाव्या खेपेला खिडकीवर नवीन बाई होत्या. त्यांनी दोघांचेही अर्ज स्वतः भरले, सह्या घेतल्या, वीस मिनिटांत मोकळं केलं. नाव विचारलं ते फक्त अर्जात लिहायला. बाहेर आल्यावर माझा मित्र म्हणाला, आज प्रार्थना फळाला आली. मी म्हटलं, माझीही!’’

असा अनुभव केवळ नशिबावर अवलंबून राहू नये, म्हणून पुढे कायदे झाले. खुद्द हनुमंतय्यांनी नंतर केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. लोकपाल आणि लोकायुक्त यांची शिफारस याच आयोगाने १९६६ मध्ये, मोरारजी देसाई अध्यक्ष असताना, केली होती. लोकायुक्ताचा कायदा महाराष्ट्राने १९७१ मध्ये केला, कर्नाटकाने १९८४ मध्ये. सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याची हमी देणारा कर्नाटकाचा कायदा २०११ चा. ‘सकाल’ या नावाने ती योजना २०१२ मध्ये सुरू झाली. उशीर झाल्यास दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाई तिच्यात ठेवली गेली. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. देवाच्या कामाला अखेर कायद्याने तारीख घालून द्यावी लागली!

निघताना नातीने पुन्हा विचारले, ‘‘मग आजोबा, कुठला देव ते सांगा ना.’’

विधानसौधासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. आजोबांनी आधी तिकडे बोट दाखवले, मग दारावरच्या ओळीकडे. ‘‘ज्याचा जो असेल तो, बाळ. नसला तरी चालेल. खिडकी मात्र सगळ्यांसाठी उघडी पाहिजे.’’

मुलीने नोट घडी करून पिशवीत ठेवली आणि आजोबांचा हात धरून ती भेळवाल्याकडे निघाली.