आठवड्यातून एकच पुडी, बरं का!

हाड मोडून प्लास्टर चढलं की इंदूरजवळच्या बेटम्यापासून बोरिवलीपर्यंत औषधांच्या पिशवीतून बहुतेक वेळा निघतेच, ती व्हिटॅमिन डीची पुडी. ६०,००० युनिट! आकडा ऐकूनच निम्मं हाड जुळतं. प्रत्यक्षात त्यात जीवनसत्त्व असतं अवघं दीड मिलिग्रॅम.

हे डी-३ येतं कुठून? बहुतांशी मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट लॅनोलिनमधून. इंदूरकडच्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, होळकरांचं घराणं मूळचं धनगरांचंच! शुद्ध शाकाहारी हवं असेल, तर गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांपासून केलेलंही मिळतं.

पुडी उपाशीपोटी नको. डी स्निग्धात विरघळतं, त्यामुळे जेवणाबरोबर ते अंगी चांगलं लागतं. माळव्यात तुपात बुडवलेले बाफले असताना ही काय अडचण आहे? (पथ्य असेल तर वरणावरचं चमचाभर तूपही चालेल.)

बेटमा कर्कवृत्ताच्या जरासं खाली. जूनच्या सुरुवातीला सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप. पण आजाऱ्याचा पलंग बंद खिडकीशी सरकवून फायदा नाही. ज्या अतिनील-बी किरणांनी कातडीत डी तयार होतं, नेमके तेच काच अडवते. उन्हाची ही करामत आपल्याकडे जुनीच माहीत आहे. हचिसन आणि शहा यांनी मुंबई इलाख्यात केलेला मुडदुसाच्या कारणांवरचा अभ्यास १९२२ सालीच छापला होता. पडद्याआडच्या सुखवस्तू घरांत मऊ हाडं, उन्हात राबणाऱ्यांची मात्र धडधाकट!

आता या उत्साहावर जरा पाणी ओततो. ब्राझीलमध्ये कोरोनाच्या रुग्णांना एकदम २ लाख युनिट देऊन पाहिले; २०२१ मध्ये निकाल आला, दवाखान्यातला मुक्काम काही घटला नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांच्या चाचणीत रोजच्या २,००० युनिटांनी हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालं नाही. अर्थात ही माणसं कमतरता पाहून निवडलेली नव्हती. कमतरता असेल, तर पुडी हवीच. फक्त ऑपरेशननंतर लगेच रक्त तपासलं, तर अंगातल्या दाहामुळेही डीचा आकडा खाली दिसू शकतो, म्हणून रिपोर्ट पाहून घाबरू नका.

खरा घोळ होतो तो आठवड्याची पुडी रोज फस्त केल्यावर. महिनोन्‌महिने असं चाललं, तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांवर बेततं. पुडीचा वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान सुरू झाली, तर डॉक्टरांना आधी पुड्यांचा हिशोब सांगा.