देवगिरीच्या अंतरंगात

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना सुमारे १५ किलोमीटरवर सपाट प्रदेशात एक निमुळता डोंगर एकाएकी मान वर काढतो. हाच देवगिरीचा किल्ला. बाराव्या शतकात यादव राजा भिल्लम याने येथे आपली राजधानी वसविली. पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि नगराला दौलताबाद हे नाव दिले.

सुट्टीच्या दिवशी शिदोरी बांधून अनेक कुटुंबे हा किल्ला पाहावयास येतात. त्याची खरी ओळख व्हावयाची असेल, तर तो शत्रूच्या डोळ्यांनी पाहावा. आपण चाल करून आलो आहोत अशी कल्पना केली, म्हणजे बांधणाराची बुद्धी पावलोपावली प्रत्ययास येते.

प्रथम भेटतो तो महादरवाजा. हत्तीने धडक देऊन तो फोडू नये म्हणून त्याच्या फळ्यांवर लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. दरवाज्यांमागून दरवाजे येतात. पण ते सरळ रेषेत नाहीत. वाट वळत असल्याने हत्तीला धाव घेण्यास जागाच उरत नाही. आत हत्ती हौद, चांदमिनार आणि चिनी महाल लागतात. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन याला औरंगजेबाने याच महालात कैदेत ठेविले होते. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिचे मागील टोक मेंढ्याच्या मस्तकासारखे आहे.

येथवरचा तट माणसाने रचला. पुढचा त्याने खडकातून कोरून काढिला. डोंगराच्या कडा तासून इतक्या उभ्या केल्या आहेत की, घोरपडीलाही तेथे चिकटणे कठीण. पायथ्याशी खडकात खोल खंदक खोदला असून त्यावरील अरुंद पूल हीच आत जाण्याची एकमेव वाट होती. 

पुलापलीकडे अंधेरी सुरू होते. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा वळणावळणांचा भुयारी मार्ग. भर दुपारीही येथे काळोख दाटलेला असतो. मुले आईबापांचा हात घट्ट धरतात, आजोबा पायरी चाचपून पुढे होतात, आणि वटवाघळांची फडफड ऐकून बोलणे आपोआप थांबते. हातात दिवा असून ही स्थिती. मग अनोळखी शत्रूची गत काय झाली असेल? शिवाय भुयाराचे वरचे तोंड लोखंडी झाकणाने बंद करून तेथे आग पेटविण्याची सोय होती. धुराने कोंडलेला शत्रू पुढे येऊच शकत नसे.

अंधेरीतून बाहेर पडून आणखी पायऱ्या चढल्या म्हणजे बारादरी लागते. तेथून सारा मुलूख दृष्टीस पडतो.

असा हा दुर्ग शत्रूच्या हाती पडलाच कसा? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने अचानक वेढा घातला. गडावर घाईने नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे सांगतात. राजा रामदेवराव याला खंडणी देऊन तह करावा लागला. १६३३ मध्ये मोगलांनी वेढा घातला, तेव्हाही गडावर उपासमार झाली आणि किल्ला त्यांच्या स्वाधीन करावा लागला. उभे कडे, खंदक आणि अंधेरी ही सारी शाबूत होती. रिकामी होती ती कोठारे. गडाचे बळ केवळ दगडांत नसते; ते राखणारांच्या सावधपणातही असते.