शिर्डीत मुक्काम किती रात्रींचा?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हॉटेल व्यवसायाचा कणा म्हणजे राहाता तालुक्यातील शिर्डी. इथल्या खोल्या भरतात त्या साईबाबा मंदिरातील आरतीच्या वेळापत्रकावर. रात्रीची शेजारती आणि पहाटेची काकड आरती, दोन्ही ज्यांना हव्यात त्यांना मुक्कामावाचून गत्यंतर नाही. गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याची साईबाबांची पुण्यतिथी हे गर्दीचे दिवस.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी गावातला शिर्डी विमानतळ सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा, तर फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून 'वंदे भारत'. भाविकांची मोठी सोय झाली, पण सकाळी येऊन रात्री घरी परतणेही सोपे झाले. छोट्या लॉजचालकाला याची झळ आधी बसते. खोली एका रात्रीपुरती जाते, किंवा जातच नाही.

शिवाय साईबाबा संस्थानची भक्तनिवासे अल्प दरात खोल्या देतात आणि प्रसादालयात पोटभर जेवण मिळते. गरीब भाविकासाठी हे असेच राहायला हवे. लॉजवाल्याला मात्र दर वाढवायला जागा उरत नाही.

करोनाने या गावाचे परावलंबित्व उघडे पाडले. मंदिर १७ मार्च २०२० पासून बंद होते, ते पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडले. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, उघडले. त्या काळात वेटर, सफाई कामगार, हार-प्रसादवाले अशा सगळ्यांचीच कमाई थांबली होती.