विरहाचे नवे घड्याळ

पैठणला गोदाकाठी उभे राहिले की ‘गाथासप्तशती’ची आठवण होते. हाल सातवाहनाने संकलित केल्याचे मानले जाणाऱ्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या या सुमारे सातशे गाथांत परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका पुष्कळ भेटतात. त्यांतली एकजण तो गेल्याचे दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढू लागते आणि पहिल्या दिवसाची दुपार होते न होते तोच सारी भिंत भरून जाते!

तिचा तो वेळ मनाचा होता. घड्याळाचा वेळही सर्वांना सारखा नसतो, हे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवून दिले. समजा, पंचवीस वर्षांचा तरुण प्रकाशाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने अंतराळात गेला आणि स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दहा वर्षांनी परतला. इकडे घरी वीस वर्षे उलटलेली असतील. तो पस्तिशीचा आणि त्याची समवयस्क पत्नी पंचेचाळिशीची! आता या दोघांनी पुन्हा संसार कसा मांडायचा? विज्ञानकथा आणि प्रेमकथा यांची गाठ पडते ती अशा प्रश्नापाशी.

विज्ञानकथा कोरडी आणि प्रेमकथा भाबडी, दोघींचे जमायचे कसे, असे आपण म्हणतो. पण नायक-नायिकेला बागेतून उचलून अवकाशयानात बसवले, एवढ्याने ते जमत नाही. यानाच्या जागी आगगाडी घातली तरी गोष्ट तशीच राहत असेल, तर विज्ञान तिथे नेपथ्यापुरतेच आहे असे समजावे. आणि माणसे काढून घेतल्यावर काहीच बिघडत नसेल, तर तो गणिताचा धडा. वाचताना ही कसोटी लावून पाहावी. लिहिणाऱ्याने तर लावावीच.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली. तिला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते जयंत नारळीकर. आपलीच आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली होती पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे विज्ञान ठाऊक असलेले हे जोडपे.

मंगलाताई जुलै २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर मे २०२५ मध्ये. कॅलेंडरवर मधले महिने बावीसच भरतात. गाथेतल्या त्या बाईला मात्र हा हिशेब पटला नसता.