पैलवानाला घाम, माठालाही घाम!

पहाटे कोल्हापूरच्या गंगावेश तालमीच्या दारात उभे राहिलात, तर आधी ऐकू येतात जोर मारणाऱ्या पोरांचे श्वास. मग दिसतो लाल मातीचा हौदा. ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली ही माती इतकी मऊ, की पैलवानाच्या हनुवटीवरून घामाचा थेंब पडला की तिथं गडद तांबडा ठिपका उमटतो. शंभर बैठका होईपर्यंत ठिपक्यांची रांगोळीच!

एवढं पाणी आलं कुठून? रक्तातून! आपल्या कातडीत वीस लाखांहून जास्त घामाच्या ग्रंथी आहेत. मेहनत करताना स्नायू तापतात, रक्त तापतं आणि कातडीकडे धावतं. मग या ग्रंथी त्यातलं पाणी आणि थोडं मीठ बाहेर सोडतात. म्हणून तर घाम खारट.

पण नुसता घाम येऊन अंग गार होत नाही, तो वाळावा लागतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती घाम आपल्या अंगातूनच घेतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला माठ हेच करतो. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. जुलैच्या झडीत मात्र हवाच इतकी ओली असते, की माठाचा घाम वाळत नाही आणि पाणी गारही होत नाही.

माठ असा हळूहळू रिता होतो, तसे आपणही. तालमीत मेहनतीनंतर पैलवानाचं किलोभर वजन घटलं, तर समजा अंगातलं लिटरभर पाणी गेलं! रक्तात पाणी कमी आणि मीठ जास्त झालं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला ते लगेच कळतं. तो तहान लावतो आणि मूत्रपिंडांना निरोप धाडतो, ‘पाणी जपून!’ ही मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी गाळतात, म्हणजे 15 लिटरच्या बारा घागरी. त्यातलं जेमतेम दीड लिटर लघवीवाटे बाहेर पडतं, बाकी सगळं परत रक्तात. पाणी कमी प्यालात तर लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. फिकट असेल तर पाणी पुरतंय.

मला खरी काळजी वाटते ती शाळेतून भरलेलीच परत येणाऱ्या बाटलीची. स्वच्छतागृह घाण असतं म्हणून काही मुलं, त्यातही मुली, दिवसभर पाणीच पीत नाहीत. डोकं दुखतं, फळ्यावर लक्ष लागत नाही, पण सांगायचं कुणाला? बाईंना सांगा, घरी आईला सांगा. यात लाजायचं काही नाही. स्वच्छतागृह धुऊन घेणं मोठ्यांचं काम आहे, त्यासाठी तुम्ही तहान मारायची नाही.

आज खेळून आलात की एका मनगटावर ओला फडका फिरवा, दुसरं कोरडं ठेवा आणि दोन्हींवर फुंकर मारा. मग स्वयंपाकघरात जाऊन माठाच्या पोटाला हात लावून बघा.