ताक का कळकतं?

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक रात्रभर राहिलं, की सकाळी त्याला हिरवट झाक आलेली असते आणि घोट घेणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. ‘ताक कळकलं’ असं म्हणून घरातली आजी ते ओतून देते. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता तिने दिलेला हा निकाल अचूक असतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. त्यातलं तांबं तसं शांत स्वभावाचं. ताकातल्या आम्लातून हायड्रोजन हुसकून लावणं त्याला जमत नाही. पण हवेतला ऑक्सिजन सामील झाला की तांब्यावर ऑक्साइड धरतं, आम्ल ते विरघळवतं आणि तांब्याचे क्षार ताकात उतरतात. जस्त तर आम्लाशी थेट भिडतं. गंमत म्हणजे चिंचेने भांडं घासताना हेच आपण मुद्दाम घडवतो. काळपट थर विरघळून जातो, भांडं लखलखतं.

यावरचा तोडगा कल्हईवाल्याकडे. भात्याने कोळसे फुलवायचे, भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उसळतो, नाकाला झोंबतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातून सुटणारं हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइडचा थर काढून टाकतं, कारण कथील फक्त स्वच्छ धातूलाच धरतं. मग कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. सगळी कला या फरकावर उभी आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत धातूचा दुसरा गुण कानांनी कळतो. तिथलं मठारकाम म्हणजे हातोडीने शेजारीशेजारी घातलेले ठोके. ठोके नक्षीसाठी वाटतात, पण त्यांनीच मऊ तांबं कडक होतं आणि भांड्याला सहजी पोचा येत नाही.

स्टेनलेस स्टीलने ही भांडी मागे सारली. त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर आपोआप भरून येतो, कल्हई लागत नाही. उष्णता वाहण्यात मात्र तांबं त्याच्या वीसपटींहून पुढे आहे. म्हणून तर स्टीलच्या पातेल्यांना तांब्याचं बूड लावतात.

माळ्यावरचं पितळी पातेलं पुन्हा वापरायचं असेल, तर आतून पिवळं दिसत असताना त्यात ताक, कढी, सार ठेवू नका. कल्हईनंतर ते रिकामं आचेवर विसरू नका, कथील वितळेल. आणि कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, एवढं कल्हईवाल्याला आधी विचारा.